लागले तेवढे स्वल्पविराम

२३ फेब्रुवारी

कार्निव्हलचा शेवटचा खेळ काल झाला आणि आमच्या गावच्या फडानं माझं नाव घेतलं नाही.

विद्यमान नगराध्यक्ष मिर्ता सुआनेस हिच्यावर दोन गाणी झाली. पुलाजवळच्या खड्ड्यावर एक झालं. राजधानीतले मंत्री तर काय, धरूनच चालायचे. बस स्थानकावरच्या लंगड्या कुत्र्यावरही चार ओळी होत्या! आणि मी, लादिस्लाओ एचेवेरी, दोनदा निवडून आलेला नगराध्यक्ष, तो कुत्रा ज्या स्थानकात झोपतो ते स्थानक बांधणारा माणूस, पहिल्या रांगेत घरची उशी घेऊन बसलो होतो आणि माझ्यावर एक अक्षर नाही.

पासो गार्सासमध्ये रीत सगळ्यांना ठाऊक आहे. फड ज्याची टिंगल करील त्यानं पुढं बसायचं, गावात सगळ्यांत मोठ्यानं हसायचं, आणि गाणं संपल्यावर म्होरक्या रंगवलेल्या तोंडानं खाली उतरून डोक्यावर रंगीत कागदाच्या चुऱ्याची मूठ उधळतो तेव्हा उभं राहून टोपी काढायची. मी खुर्चीवर असताना माझ्या कॉलरमधून पार ईस्टरपर्यंत कागद निघायचे. पायउतार झाल्यावर पहिल्या वर्षी एक कडवं होतं. मग एक ओळ. गेल्या वर्षी नुसतं नाव. यंदा हसू मी आरशासमोर नीट बसवून नेलं होतं, ते तसंच घरी परत आणलं.

बाहेर पडताना औषधवाला म्हणाला, "सुटलात की यंदा, अध्यक्ष!"

"हो ना, बरं झालं," मी म्हणालो.

माझी बायको नेल्बा बरोबर होती. घराच्या दारात ती म्हणाली, "म्हाताऱ्या, उशी राहिली ना तिथंच?" राहिली होती.

२७ फेब्रुवारी

मी पुस्तक लिहायचं ठरवलं आहे. राजकारण आणि जीवन या विषयावर. त्या फडाच्या गोष्टीशी याचा काडीचाही संबंध नाही. उरुग्वेच्या इतिहासात लहान गावांच्या कारभाराची कुणी दखलच घेतलेली नाही, आणि माझ्यासारख्या अनुभवी माणसानं गप्प बसणं बरं नव्हे. मनात येईल ते टिपायला ही दैनंदिनी आहे. पुस्तक वेगळ्या कागदांवर, चांगल्या पेनानं.

नेल्बाला सांगितलं. ती माटेचा कडू चहा ओतत होती. म्हणाली, "लिही की. टंकून मी देईन." पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, माझं अक्षर तिच्याइतकं कुणाला लागत नाही.

३ मार्च

आरंभ झाला! पहिलं वाक्य असं: ‘माझा जन्म झाला त्या रात्री नदीला महापूर आला होता.’

नेल्बा खांद्यावरून वाकून म्हणाली, "पूर आला तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. तुझी आई सांगायची, तुला टोपलीत घालून छपरावर ठेवलं होतं."

"लेखकाला थोडी मुभा असते."

"टोपली जास्त चांगली आहे."

बायकांना साहित्यातली भव्यता कळत नाही. पूर जन्माच्या रात्रीच ठेवला आहे.

१९ एप्रिल

हात फार चालतो आहे. बस स्थानक झालं, दवाखान्याची नवी बाजू झाली, चौकातल्या फवाऱ्यावर आज लिहून संपवलं. ‘सदर फवाऱ्याचे उद्घाटन मोठ्या उत्साहात व यशस्वीरीत्या पार पडले.’ वाक्य असं हवं, खांबासारखं. भाषणांच्या वेळी नेल्बा माझ्या खिशात मुद्द्यांचा कागद ठेवायची. मुद्दे तिचे असायचे, पण ते फुलवायचो मी. ती सवय आता उपयोगी पडते आहे.

जेवणाच्या टेबलावर माझे कागद असल्यामुळे आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतो. नेल्बाची काही तक्रार नाही.

११ मे

आज अपमान झाला. सविस्तर लिहितो.

दाढी करायला वॉशिंग्टन ओलिव्हेराकडे गेलो. न्हावी आहे तो, आणि आपल्या फडाची सगळी गाणीही तोच लिहितो. अर्थात त्यासाठी मी गेलो नव्हतो. फवाऱ्याचं प्रकरण सहज खिशात होतं, हातानं लिहिलेलंच, कारण नेल्बाचं टंकन मागं पडलं आहे. म्हटलं, शब्दांचा माणूस आहे, मत घ्यावं.

त्यानं माझ्या तोंडाला फेस लावला, उजवा गाल केला आणि मग वस्तरा ठेवून उभ्या उभ्या सगळं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "अध्यक्ष, खरं सांगू का? रागावणार नाही ना?"

"छे, छे. टीका सहन करत आयुष्य गेलं माझं."

"यात तुम्ही माणूस नाही, पुतळा आहात. घोड्यावरचा. पुतळ्याची टिंगल माझ्याच्यानं व्हायची नाही. ते काम कबुतरांचं."

"टिंगल कर असं कोण म्हणालं तुला?"

"कोण म्हणालं बरं?" असं म्हणून तो हसला. बाकावर दोघं नंबर लावून बसले होते, ते पण हसले. "आणि यशस्वीरीत्या म्हणे! अहो, मी होतो तिथं. बूट भिजले माझे."

मी उठलो. कागद हिसकावून घेतले आणि तसाच निघालो, डावा गाल फेसासकट. चौक ओलांडताना मिर्ता सुआनेस समोरून आली. तिनं "नमस्कार, डॉन लादिस्लाओ" म्हटलं आणि डोळे खाली घातले. तेवढी सभ्यता तिच्यात आहे, विरोधी पक्षाची असली तरी.

उरलेला गाल नेल्बानं घरी केला. काय झालं ते मी सांगितलं नाही. हनुवटी धरून म्हणाली, "हलू नकोस. त्यानं काय म्हटलं ते नंतर सांग." मग मी सगळं सांगितलं, आणि तिनं मला कुठं कापलं नाही.

३० मे

नेल्बानं फवाऱ्याचं टंकलेलं प्रकरण आज हातात दिलं. टंकून झाल्यावर आपलं लिखाण किती खुलतं! मी स्वतः चकित झालो. हा भाग इथं मुद्दाम उतरवून ठेवतो:

‘फीत कापली, वाद्यवृंद वाजला, पण पाणी आलं नाही. पाणी येईपर्यंत बोलत राहावं असं ठरवून मी बोलू लागलो. गावच्या स्थापनेपासून सुरुवात केली. उन्हासाठी बायकांनी छत्र्या उघडल्या. कारंज्यातला पितळी मासा तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. दोघांपैकी एकानं तोंड मिटायला हवं होतं. शेवटी पाणी आलं ते माशाच्या तोंडातून नव्हे, जमिनीखालून, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचे बूट भिजले. मी म्हणालो, मंडळी, उद्घाटन झालं.’

हे मी केव्हा लिहिलं? पण प्रसंग माझा, भाषण माझं, आणि शेवटचं वाक्य मी खरंच बोललो होतो. लिहिण्याच्या भरात माणसाला आपण काय लिहितो याचं भान राहत नाही, हे मी ऐकून होतो. आता अनुभव आला.

"नेल्बा, तू काही बदललं नाहीस ना?"

"स्वल्पविराम घातले."

"किती?"

"लागले तेवढे."

शाळेत शिकवणाऱ्यांची खोड. असू दे, स्वल्पविरामांचं मला काही वाटत नाही.

१५ जून

मिर्तानं रस्त्यात थांबवून विचारलं, "पुस्तकात मी आहे का?" म्हटलं, "एक वाक्य आहे." तिचा चेहरा पडला. बिचारीला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. घरी येऊन दोन वाक्यं केली.

९ ऑगस्ट

सकाळपासून पाऊस. नेल्बानं मैद्याच्या टोर्टा तळल्या, साखर भुरभुरली, आणि शेवटच्या प्रकरणाची टंकलेली पानं बशीशेजारी ठेवून ती शेजारणीकडे निघून गेली. एरवी समोर बसते.

मी लिहिलं होतं: ‘कार्यकाळ संपताच मी ताठ मानेने कार्यालयाच्या किल्ल्या सुपूर्द केल्या.’ त्यानंतर रेघ ओढून पक्षाचे आभार.

पानावर मात्र पुढं आहे:

‘दुसऱ्या दिवशी सवयीनं उठलो, टाय बांधला आणि बायकोला जातो म्हणून निघालो. जायचं कुठं होतं? मी बस स्थानकावर जाऊन बसलो, कारण ते मीच बांधलं होतं. लंगडा कुत्रा शेजारी येऊन झोपला. बसेस येत होत्या, लोकांना वाटे मी कुणाला तरी आणायला आलोय. जेवणाच्या वेळेला घरी गेलो. बायकोनं विचारलं, काम फार होतं का? म्हटलं, फार. त्या आठवड्यात मी रोज गेलो. ती रोज विचारत होती आणि रोज माझी थाळी झाकून ठेवत होती.’

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. पक्षात नाही, पाद्र्याला नाही, नेल्बाला तर नाहीच. म्हणजे हे माझ्याच लेखणीतून उतरलं असणार, दुसरं काय? मी फार वेळ ते पान धरून बसलो. टोर्टा गार झाल्या. खरं लिहायचं तर मी रडलो, आणि रडताना एकीकडे मला वाटत होतं, काय लिहितोस रे लादिस्लाओ!

नेल्बा परत आली तेव्हा म्हणालो, "हे प्रकरण जमलंय."

"ठेवायचं ना?" तिनं विचारलं. छत्री मिटता मिटता, पाठमोरी.

"म्हणजे काय! ठेवायचंच."

१४ ऑक्टोबर

मेपासून दाढी घरीच होत होती. आज केस फारच वाढले म्हणून वॉशिंग्टनकडे गेलो. टंकलेली प्रत बरोबर होती. मी मागचं विसरणारा माणूस आहे. म्हटलं, "वाच. कबुतरांचं काम राहिलंय का बघ."

फवाऱ्याजवळ आल्यावर तो इतका हसला की गिऱ्हाइकाच्या मानेवरून हात काढावा लागला. माशाचं वाक्य त्यानं दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, मीही हसलो. मग तो शेवटच्या प्रकरणावर आला आणि त्यानं कात्री खाली ठेवली. वाचून झाल्यावर पानं सरळ करून त्यानं माझ्या हातात दिली.

"अध्यक्ष, मेमध्ये तुम्ही दाखवलंत ते हातानं लिहिलेलं होतं."

"हो. नंतर सुधारलं."

"सुधारणा फार मोठी आहे."

"मेहनत घ्यावी लागते, वॉशिंग्टन."

"दिसतंय." मग त्यानं माझ्या गळ्याभोवती फडकं बांधलं आणि विचारलं, "नेल्बाबाई बऱ्या आहेत ना? फार दिवसांत दिसल्या नाहीत. कामात असतील."

"टंकतात बिचाऱ्या."

केस त्यानं फार मन लावून कापले.

१२ डिसेंबर

क्लबात प्रकाशन झालं. खुर्च्या कमी पडल्या! लोक बिलियर्डच्या टेबलावर बसले. औषधवाल्यानं दोन प्रती घेतल्या. मिर्ता भाषणात म्हणाली की विरोधकाचं पुस्तक वाचून रडायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा आली, निकाल वाचून मात्र ती आधीही रडली आहे. टाळ्या पडल्या. मी सह्या करून थकलो.

एक गोष्ट लक्षात आली. सही घेऊन झाली की लोक दाराशी सँडविचची थाळी घेऊन उभ्या असलेल्या नेल्बाकडं जायचे आणि तिला मिठी मारायचे. बायका तर तिला सोडायलाच तयार नव्हत्या. तिच्या सँडविचना गावात मान आहे, तरी एवढा?

नदीला पूर माझ्या जन्माच्या दोन वर्षांनंतर आल्याचं छापलं गेलं आहे, टोपलीसकट. छापखान्याची चूक असेल. पण ती टोपली सगळ्यांना आवडली, म्हणून गप्प बसलो.

१८ जानेवारी

फडाच्या तालमी क्लबाच्या मागच्या अंगणात चालू आहेत. संध्याकाळी थर्मास काखेत घेऊन मी सहज तिकडून फेरी मारली. मी कोपऱ्यावर दिसताच ढोल थांबला. पुढच्या कोपऱ्यावर गेलो तेव्हा पुन्हा सुरू झाला.

माणूस दिसल्यावर ढोल थांबतो म्हणजे काय, हे राजकारणात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

२५ जानेवारी

आजही थांबला! घरी येऊन आरशासमोर हसू काढून पाहिलं. गंजलेलं नाही. नेल्बा न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दात कमी दाखव."

१६ फेब्रुवारी, सकाळ

काल गाणं झालं. संबंध गाणं, एक-दोन ओळी नव्हे! सगळं लिहून काढल्याशिवाय नाश्ता करणार नाही.

मी पहिल्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात, नवी उशी घेऊन बसलो होतो. शेजारी नेल्बा निळ्या झग्यात. सुरुवातीला मिर्ता झाली, खड्डा झाला, तो यंदा मोठा झाला आहे. मग फड अर्धवर्तुळात उभा राहिला, सगळी रंगवलेली तोंडं माझ्याकडं वळली आणि म्होरक्यानं सूर लावला:

‘फवारा बांधला, फीत कापली, पाणी काही येईना,
अध्यक्षांचं भाषण मात्र थांबता थांबेना!’

लोक ओरडले. मी हसलो. ठेवणीतलं काढायची गरजच पडली नाही, खरंच हसू आलं. माशावर कडवं झालं, भिजलेल्या बुटांवर झालं, अर्ध्या गालाच्या फेसावरसुद्धा झालं. वॉशिंग्टन ढोलामागं उभा राहून माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

मग ढोल हळू झाला.

‘अध्यक्षांनी पुस्तक लिहिलं, गाव वाचून रडलं,
इतकं खरं हे कधी बोलले? कोडं आम्हां पडलं!
कोडं सुटलं, कोडं सुटलं, ऐका सारे जण,
सही तेवढी अध्यक्षांची, नेल्बाबाईंचं मन!’

अख्खा चौक उभा राहिला. आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळे नेल्बाकडं बघत होते. नेल्बा आपल्या चपलांकडं बघत होती.

मी हसतच होतो, कारण रीत आहे. हसता हसता माझ्या डोक्यात एकेक पान उलटायला लागलं. मासा. टोपली. ‘ठेवायचं ना?’ म्हणताना पाठमोरी मिटलेली छत्री. आणि बस स्थानकातला तो बाक. ती रोज विचारायची, काम फार होतं का, आणि तिला ठाऊक होतं. तिनं कधीतरी येऊन मला लांबून बघितलं होतं, आणि परत जाऊन थाळी झाकून ठेवली होती. गावाला कळलं, न्हाव्याला कळलं, मिर्ताला कळलं. पुस्तक ज्याचं, त्यालाच पत्ता नाही.

क्षणभर फार राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

म्होरक्या पायऱ्या उतरून माझ्यासमोर आला. मुठीत रंगीत कागद. मी उभा राहिलो, टोपी काढली. त्यानं हात वर केला तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. ढोल थांबला, कारण असं कुणी कधी केलेलं नाही. मी त्याची मूठ उघडली, सगळा चुरा माझ्या ओंजळीत घेतला आणि नेल्बाच्या डोक्यावर ओतला. हळूहळू, एकही तुकडा बाहेर जाऊ न देता.

"ऊठ, म्हातारे," मी म्हणालो. "रीत आहे."

ती उठली. तिच्याकडं टोपी नव्हती, म्हणून मी माझी तिच्या डोक्यावर घातली आणि तिनं ती काढून गावाला दाखवली. चौकात जो आवाज झाला तो मी दोन्ही निवडणुका जिंकलो तेव्हाही झाला नव्हता. त्या दोन्ही विजयांचा मला अभिमान वाटला होता. पण काल वाटला तो अभिमान वेगळाच होता.

दुपार

नाश्ता झाला. ती माटे ओतत होती, केसांत अजून एक हिरवा तुकडा होता. मी तो काढला नाही.

"किती होते गं स्वल्पविराम?"

"सांगितलं ना. लागले तेवढे."

"दुसरी आवृत्ती निघाली तर वर तुझं नाव आधी घालायचं. खाली माझं."

"नाव नको. मासा राहू दे."

"नाव येणारच. मी छापखान्यात सांगणार आहे, आणि मी एकदा बोलायला लागलो की थांबत नाही, गाव गाणं म्हणतंय."

ती हसली. फार वेळ हसत राहिली, थर्मास खाली ठेवावा लागला. मग मी या वहीवर हात ठेवून म्हणालो, "ही मात्र टंकायला देणार नाही हं. यात तू स्वल्पविराम घालायचे नाहीत."

"ती कधीच वाचली मी."

"कधी?"

"तू फेरीला जातोस तेव्हा. पहिल्या दिवसापासून." तिनं माटे माझ्या हातात दिला. "त्यात एकही घालावा लागला नाही, म्हाताऱ्या."